कंबर पुन्हा धरेल त्या दिवशी: गावातल्या व्यायामगटाबद्दल

प्रश्न: आमचा वीसेक बायकांचा बचत गट आहे. निम्म्याहून जास्त जणींची कंबर वर्षानुवर्षं दुखते. कुणी भांगलायला जाते, कुणाच्या घरी दोन म्हशी, दोघी-तिघी शिलाई करतात. कुणाला मणक्यात गॅप सांगितलाय, कुणाची गादी सरकलीय. एमआरआय, पट्टे, लाइट, इंजेक्शनं, सगळं करून झालं. आता समाजमंदिरात एकत्र व्यायाम सुरू करावा असा विचार आहे. कोणते व्यायाम घ्यायचे, शिकवायचं कुणी, कुणाला इजा झाली तर काय, आणि यानं दुखणं कायमचं जाईल का?

उत्तर: ताई, जरूर सुरू करा. मी फिजिओथेरपिस्ट आहे, तालुक्याच्या गावी काम करते आणि आसपासच्या गावांत असे गट बरीच वर्षं चालवत आले आहे. तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याचं उत्तर आधीच खरं खरं सांगितलं नाही तर तिसऱ्या आठवड्यात निम्म्या बायका यायच्या बंद होतात.

दुखणं कायमचं काहींचंच जातं. बहुतेकींचं कमी होतं आणि अधूनमधून डोकं वर काढतं. २०२१ साली कॉक्रेन या संस्थेनं जुन्या कंबरदुखीवरच्या व्यायामाच्या २४९ चाचण्या एकत्र तपासल्या. काहीच उपचार न घेणारे किंवा नेहमीचेच उपचार घेणारे यांच्यापेक्षा व्यायाम करणाऱ्यांचं दुखणं शंभरपैकी सरासरी १५ गुणांनी कमी भरलं. म्हणजे दहापैकी सहा दुखत असेल तर ते साधारण साडेचारवर यावं. रोजच्या कामातली सुधारणा त्याहून बरीच कमी, निम्म्याच्या आसपास. आकडा लहान वाटेल, पण दुखणं सहावर असताना रात्री तीनदा जाग येते आणि साडेचारवर आलं की सलग झोप लागते, हा फरक मी रोज पाहते.

म्हणून गटाचं यश मी एकाच गोष्टीवर जोखते. गट आठ आठवड्यांचा असतो. ते संपल्यावर कधीतरी, दोन महिन्यांनी म्हणा, सहा महिन्यांनी म्हणा, तिची कंबर पुन्हा धरणार आहे. त्या दिवशी ती काय करते? खाटेवर पडून राहिली, गाडी करून दवाखान्यात गेली, इंजेक्शन घेऊन आठवडाभर हलली नाही, तर गटात झाली ती नुसती कवायत. घाबरली नाही, काम निम्म्यावर आणलं, चालत राहिली आणि चार-पाच दिवसांत पूर्वपदावर आली, तर गटाचं सार्थक झालं. खाली जे काही सांगते आहे ते या एका दिवसाच्या तयारीसाठी आहे.

इंग्लंडमधल्या यॉर्कचा एक अभ्यास मी गट चालवू पाहणाऱ्या प्रत्येकीला सांगते. जेनिफर क्लेबर मॉफेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९९९ साली प्रसिद्ध केला. कंबर दुखणारे १८७ लोक होते. दुखणं महिन्याहून जुनं पण सहा महिन्यांच्या आतलं, म्हणजे तुमच्या गटापेक्षा ताजं. निम्म्यांना फिजिओथेरपिस्टनं घेतलेले तासाभराचे आठ वर्ग, बाकीच्यांना डॉक्टरांचे नेहमीचे उपचार. वर्गातले व्यायाम अगदी साधे होते. सहा आठवड्यांनी पाहिलं तर दोन्हींत फरक जेमतेम. सहा महिन्यांनी आणि वर्षानं मात्र तो स्पष्ट झाला. वर्षभरात व्यायामगटानं दुखण्यापायी कामाचे ३७८ दिवस बुडवले, दुसऱ्या गटानं ६०७. वर्ग केव्हाच संपले होते, तरी फायदा वाढत गेला. लोक वर्गातून काहीतरी घरी घेऊन गेले म्हणूनच हे झालं असावं, असं माझं मत आहे, आणि ते काहीतरी म्हणजे स्नायूंची ताकद एवढंच नव्हतं.

अमेरिकेत स्टॅनफर्डला केट लोरिग यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस संधिवाताच्या रुग्णांसाठी असेच वर्ग सुरू केले होते. तिथंही हेच दिसलं. कुणाला किती बरं वाटलं याचा संबंध कोण किती व्यायाम करतं यापेक्षा 'हे माझ्या हातात आहे' असं कुणाला वाटू लागलं याच्याशी जास्त होता. त्यांचे पुढचे सगळे कार्यक्रम याच पायावर उभे राहिले: आठवड्याला अडीच तास, सहा आठवडे, आणि चालवणाऱ्या दोन साध्या प्रशिक्षित व्यक्ती, ज्यांतल्या निदान एकीला स्वतःला जुना आजार आहे. तुमच्या बचत गटाला हे किती जवळचं आहे पाहा.

आता पहिल्या दोन बैठका. यात व्यायाम घेऊ नका, नुसतं बोला. डेन्मार्कमध्ये सदर्न डेन्मार्क विद्यापीठानं उभा केलेला ग्लॅड बॅक नावाचा कार्यक्रम दवाखान्यांतून चालतो, त्यातही आधी दोन सत्रं समजावण्याची आणि मग आठ आठवड्यांत सोळा सत्रं व्यायामाची असतात. माझ्या गटांची बांधणी मी याच धर्तीवर करते.

बोलायचं काय? पहिली गोष्ट एमआरआयच्या रिपोर्टची. ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा ३,११० लोकांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ साली एक आढावा प्रसिद्ध झाला. विशीतल्या ३० टक्के लोकांची गादी फुगलेली होती, पन्नाशीत ६० टक्क्यांची, ऐंशीत ८४ टक्क्यांची. गादीची झीज तर पन्नाशीत ८० टक्क्यांना. म्हणजे गावातल्या पन्नाशीच्या, ठणठणीत, डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन चालणाऱ्या दहा जणींचा एमआरआय काढला तर सहा जणींच्या रिपोर्टात तेच शब्द येतील जे तुमच्या मैत्रिणीनं प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेत. गादी वरच्या-खालच्या मणक्यांना घट्ट चिकटलेली असते; वाकल्यानं ती जागची निसटत नाही. तिचा भाग बाहेर येऊन नस दाबली गेली तरी बऱ्याच जणांत तो काही महिन्यांत आपोआप आक्रसतो. रिपोर्ट खोटा असतो असं मी म्हणत नाही. वयानुसार केस पांढरे होतात तशातल्या बऱ्याच गोष्टी त्यात लिहिलेल्या असतात आणि त्या वाचून माणूस हालचाल सोडतो, हे वाईट होतं.

दुसरी गोष्ट: जुन्या दुखण्यात दुखतंय तितकी इजा होतेय असं नसतं. मज्जासंस्था जास्त जागरूक झालेली असते. कमी झोप, काळजी, घरातली भांडणं यांनी ती आणखी चिडते. हे सांगताना फार जपून सांगा. 'म्हणजे आमचं दुखणं मनाचं का?' असं बायका लगेच विचारतात, आणि त्यांचा राग रास्त असतो. आयुष्यभर त्यांना हेच ऐकवलेलं असतं. दुखणं पूर्ण खरं आहे, ते शरीरातच आहे, फक्त ते वाढवणाऱ्या गोष्टी मणक्यापुरत्या नाहीत, असं मी सांगते. कर्जाचा हप्ता भरायच्या आठवड्यात कुणाकुणाची कंबर जास्त दुखते, असा प्रश्न एकदा विचारून बघा. उत्तर बायकाच देतील.

शेतात राबणाऱ्या माणसांचे असे अभ्यास कमीच झाले आहेत. नायजेरियाच्या खेड्यांत चिनोन्सो इग्वेसी-चिडोबे यांनी केलेलं काम त्यातलं एक. कंबरदुखीनं कोण किती जायबंदी होतं याचा सर्वांत जवळचा संबंध त्यांना माणसाच्या आपल्या दुखण्याबद्दलच्या समजुतींशी आढळला. आपल्याकडे गडचिरोलीत 'सर्च' संस्थेनं गावपातळीवर पाहणी करून पाठ-कंबरदुखी हा ग्रामीण भागातला सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे हे पुढे आणलं, आणि डॉ. शेखर भोजराज यांच्या स्पाइन फाउंडेशनचे शल्यविशारद तिथं जाऊन रुग्ण तपासतात. शहरातल्या खुर्चीत बसणाऱ्यांचाच हा आजार आहे असं समजणाऱ्यांनी एकदा त्या भागात जाऊन यावं.

समजुती व्याख्यानानं बदलत नाहीत, आणि गट लागतो तो इथंच. एका गावातल्या गटात पन्नाशीच्या एक मावशी होत्या. 'वाकलात तर पाय जातील' असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं. तेव्हापासून कळशी सून उचलायची. जमिनीवरचं काही घ्यायचं तर मावशी एक हात भिंतीला लावून, पाठ ताठ ठेवून, श्वास रोखून गुडघ्यांत बसायच्या. आम्ही तेलाच्या पाच लिटरच्या कॅनमध्ये दोन लिटर पाणी भरून मधोमध ठेवलं होतं. मावशी कॅनकडे बघत उभ्या राहिल्या. शेजारची म्हणाली, "अवं, माझीबी गादी सरकलीया. मी काल हारा उचलला. वाका की." मावशी वाकल्या, पण श्वास रोखलेलाच. मी म्हटलं, उचलताना एक-दोन-तीन मोठ्यानं म्हणा. मोजताना श्वास रोखता येत नाही. तिसऱ्या खेपेला पाठ सैल सुटली, गुडघ्यांबरोबर कंबरही वाकली. दुखलं का, असं विचारल्यावर म्हणाल्या, "दुखलं, पर रोजच्यावानीच." त्या आठवड्यात पाणी तेवढंच ठेवलं, पुढच्या आठवड्यात तीन लिटर केलं. मी दहा वेळा सांगून जे झालं नसतं ते शेजारणीच्या एका वाक्यानं झालं.

व्यायाम कोणते, हा प्रश्न सगळ्यांना सर्वांत महत्त्वाचा वाटतो. माझ्या मते तो तितका नाही. जुन्या कंबरदुखीसाठी अमुकच व्यायाम श्रेष्ठ असं ठामपणे दाखवता आलेलं नाही. बोस्टनमध्ये २०१७ साली ३२० लोकांवर झालेल्या चाचणीत बारा आठवड्यांचा योगवर्ग आणि फिजिओथेरपी यांचा परिणाम सारखाच भरला. गावात चांगली योगशिक्षिका असेल तर तिला घ्या, फक्त 'कंबरवाल्यांनी पुढं वाकायचं नाही' असं सांगणारी नको. मी स्वतः रोजच्या कामाशी मिळतेजुळते व्यायाम निवडते. पाच मिनिटं जागच्या जागी चालणं आणि हात-खांदे मोकळे करणं. मग खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस, पायरीवर चढ-उतार, भिंतीला हात लावून दंड, सतरंजीवर उताणं झोपून गुडघे मोडून कंबर उचलणं, हात-गुडघ्यांवर येऊन एक पाय मागे आणि समोरचा हात पुढे, कॅन उचलून ठेवणं, आणि एका हातात कॅन घेऊन समाजमंदिराच्या लांबीएवढं चालणं. जिला जमिनीवरून उठता येत नाही तिनं खुर्चीवरचेच करावेत. साधारण महिन्यानं जमिनीवर बसणं-उठणं हाच तिचा व्यायाम करायचा, कारण पंगतीत, वटपौर्णिमेला, माहेरी तिला तेच नको-नको झालेलं असतं.

सुरुवात किती आकड्यांनी करायची? ज्या दिवशी कंबर जास्त दुखते त्या दिवशीही जमेल इतक्यांनी. बहुतेकींना आठ-आठचे दोन फेरे पुरतात. लागोपाठ दोन वेळा बारा सहज झाले की एक पायरी वर: पाणी वाढवा, खुर्ची बुटकी घ्या, पायरी उंच घ्या. दर आठवड्याला काहीतरी चढलं पाहिजे. वर्षभर तेच आठ आणि तेच दोन लिटर करत राहिलेला गट मी पाहिला आहे. हजेरी उत्तम, बदल काही नाही. आणि दुखल्यावर थांबायचं का, तर नियम असा: करताना दहापैकी चार-पाचपर्यंत दुखलं तरी चालेल, मात्र दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते पहिल्यासारखं व्हायला हवं. नाही झालं तर पुढच्या वेळी आकडा कमी, व्यायाम बंद नाही. सुगीच्या पहिल्या दोन दिवसांत अंग ठणकतं आणि आठवड्यानं त्याच कामाला ठणकत नाही, हे तुमच्या प्रत्येकीला ठाऊक आहे. शरीर असंच तयार होतं.

इजेची काळजी रास्त आहे, पण ती व्यायामाच्या आधी घ्यायची. प्रत्येकीला एकटीला बाजूला घेऊन विचारा. लघवी किंवा शौचावरचा ताबा गेलाय का, बसायच्या जागी बधिर झालंय का? असेल तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात. पायातली ताकद दिवसेंदिवस कमी होतेय, चप्पल पायातून निसटते? संध्याकाळी ताप येतो, वजन घटतंय, रात्री पडल्या जागी दुखून जाग येते? मणक्याचा क्षय आपल्याकडे विसरून चालत नाही. पूर्वी कॅन्सर झाला होता का? साठीनंतर पडून किंवा एसटीत आदळून नव्यानं दुखायला लागलंय का? हाडं ठिसूळ झालेल्या बाईचा मणका तेवढ्यानंही दबतो, आणि मेडिकलमधून सुट्या गोळ्यांच्या पुड्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत हा धोका जास्त, कारण त्यात स्टिरॉइड असू शकतं. चाळिशीच्या आतल्या मुलीला सकाळी अर्धा-पाऊण तास पाठ आखडते आणि हालचालीनं मोकळी होते का? तो सांध्यांचा वेगळा आजार असू शकतो. यातल्या कशालाही 'हो' आलं तर आधी डॉक्टर, मग गट. जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना आणि आशाताईंना या कामात घ्या. रक्तदाब आणि साखरही तिथंच तपासून होईल.

'कंबर दुखते आणि अंगावरून पांढरं जातं' हे दोन्ही एका दमात सांगणाऱ्या बायका प्रत्येक गटात असतात. राणी बंग आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत केलेल्या आणि १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग आढळला होता, आणि त्यातल्या फारच थोड्यांनी कधी तपासून घेतलं होतं. तेव्हा असं सांगणारीला व्यायामावर भागवू नका. अंग बाहेर येत असेल तर तेही विचारा; आपणहून कुणी सांगत नाही. तपासणी होऊ द्या आणि तिचा गटही चालू राहू द्या.

पट्टे आणि मशिनींबद्दल थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. समजावून सांगणं, व्यायाम, मसाजसारखे काही उपचार, मनाला आधार देणाऱ्या पद्धती, गरजेपुरत्या वेदनाशामक गोळ्या, हे करा म्हटलंय. कंबरेचे पट्टे, ट्रॅक्शन (वजन लावून कंबर ताणणं), अल्ट्रासाउंडची मशीन आणि अफूवर्गीय औषधं नेहमीचा उपचार म्हणून देऊ नका म्हटलंय. पट्टा कुणाचा हिसकावून घेऊ नका. आधी घरात काढायचा, मग शेतात, शेवटी एसटीत, असा महिनाभरात सुटतो. शेक घ्यायला हरकत नाही. बरं वाटतं आणि खर्च नाही.

आता त्या मुख्य दिवसाबद्दल. साधारण चौथ्या-पाचव्या आठवड्यात प्रत्येकीच्या हजेरीकार्डाच्या मागं तिच्याच शब्दांत लिहून घ्या, 'कंबर धरली तर मी काय करीन'. एका बाईच्या कार्डावर असं होतं: पहिल्या दिवशी भांगलायला जाणार नाही, पण झोपून राहणार नाही. दर तासाला अंगणात पाच मिनिटं चालीन. व्यायाम निम्मा करीन, सोडणार नाही. तिसऱ्या दिवसापासून थोडं थोडं वाढवीन. पाचव्या दिवशी गटात येईन, नाही जमलं तर बसून बघीन. शेवटची ओळ होती: 'धारा सासूबाई काढतील.' या ओळीवर आमचा त्या दिवशीचा निम्मा वेळ गेला, आणि तो योग्य गेला. योजना मोडते ती बाईला काय करायचं माहीत नसतं म्हणून क्वचितच. घरात तिचं काम दोन दिवस उचलायला कुणी नसतं म्हणून मोडते. त्यामुळं एका बैठकीला नवऱ्यांना आणि सासवांना जरूर बोलवा, आणि कार्ड सगळ्यांसमोर वाचा.

लिहून झाल्यावर स्टॅनफर्डच्या कार्यक्रमातला प्रश्न विचारा: हे मला जमेल असं दहापैकी किती वाटतं? सात किंवा त्याहून जास्त आलं तर ठीक. पाच आलं तर योजना बदला, बाईला धीर देत बसू नका. 'रोज अर्धा तास चालीन'ला पाच मिळत असतील तर 'देवळापर्यंत जाऊन येईन'ला आठ मिळतील. आठवड्याच्या घरच्या व्यायामासाठीही हीच पद्धत.

कंबर धरते कशानं, हेही तिथंच शोधायला लावा. बहुतेक वेळा आधीच्या दोन दिवसांत उत्तर सापडतं: बरं वाटलं म्हणून एका दिवसात सगळ्या गोधड्या धुतल्या, लग्नात दोन रात्री जागरण झालं. काम टाळायचं नसतं, तोडून करायचं असतं. भांगलताना अर्ध्या तासानं उठून पात उलट्या दिशेनं एकदा चालून यायचं. खाली बसण्याऐवजी थोडा वेळ उभ्यानं होणारं काम घ्यायचं. जमेल तिथं सायकल कोळपं वापरायचं. शिलाईवाल्यांनी एक ब्लाउज झाला की उठायचं.

व्यवस्थेच्या काही गोष्टी, ज्यांवर गट टिकतो. एका वेळी दहा-बारा जणी पुरे. तुम्ही वीस असाल तर दोन तुकड्या करा. पेरणी आणि सुगी सोडून आठ आठवडे निवडा, नाहीतर हजेरी कोसळते आणि बायका स्वतःलाच दोष देतात. वेळ बायकांना विचारून ठरवा, धारांच्या आधी किंवा नंतर. साडीत हात-गुडघ्यांवर येणं अवघड. काही जणी गाऊन किंवा पंजाबी ड्रेस घालतील, काही घालणार नाहीत, त्यांना उभ्यानं होणारे द्या. त्या तासाभरात समाजमंदिरात पुरुष नकोत, हे सरपंचांशी आधीच बोलून घ्या. लहान मुलं येणारच. एकीनं आळीपाळीनं सांभाळावीत.

मोजमाप साधं ठेवा. पहिल्या दिवशी, आठव्या आठवड्यात आणि त्यानंतर तीन महिन्यांनी तीनच गोष्टी वहीत. तीस सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा उठ-बस झाली. कंबरेमुळे सुटलेलं तिच्या मनातलं एक काम दहापैकी किती जमतं: तासभर एसटीत बसणं, नातवाला उचलणं, वारीत दोन मुक्काम चालणं, जे तिचं असेल ते. आणि मधल्या काळात कंबर धरली होती का, धरली तर तिनं काय केलं. दुखण्याचा आकडा विचारा, पण सगळ्यांत शेवटी.

आठ आठवड्यांनंतर आठवड्यातून एकदा बायकांनी आपापलं भेटावं आणि चालणं चालू ठेवावं. ऑस्ट्रेलियात मॅक्वायरी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ साली ७०१ लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्यांना हळूहळू वाढवत आठवड्याला पाच दिवस, अर्धा तास चालण्यापर्यंत नेलं, मधूनमधून फिजिओथेरपिस्टची भेट ठेवली. कामात अडथळा आणणारं दुखणं परत यायला चालणाऱ्यांत मध्यकानं (म्हणजे निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त) २०८ दिवस लागले, इतरांत ११२. बिनखर्चाची एवढी चांगली गोष्ट दुसरी मला माहीत नाही. फक्त 'शेतात चालतोच की' हे उत्तर स्वीकारू नका. हे चालणं वेगळं, रिकाम्या हातानं, आपल्या वेळेचं, शक्यतो मैत्रिणीबरोबर.

राहिला शिकवणाऱ्यांचा प्रश्न. तुमच्यातल्याच दोघी निवडा. एकीची स्वतःची कंबर दुखत असावी, आणि दोघींना ऐकून घेण्याची सवय असावी. आवाज मोठा असणं गरजेचं नाही. जिल्हा किंवा उपजिल्हा रुग्णालयातल्या फिजिओथेरपिस्टना भेटून त्यांना पहिल्या दोन बैठकींना, चौथ्या आठवड्यात आणि शेवटी एकदा यायची विनंती करा. मधली सत्रं या दोघी घेऊ शकतात. त्याआधी त्यांनी सगळे व्यायाम स्वतः करून पाहावेत आणि धोक्याचे प्रश्न तोंडपाठ करावेत. आणि त्यांचा वेळ फुकट धरू नका. मासिक बैठकीत ठराव करून त्यांना थोडं मानधन द्या, कारण भांगलणीचा रोज बुडवून कुणी आठ आठवडे येऊ शकत नाही, आणि तसं कुणी यावं अशी अपेक्षाही आपण करू नये.